सर्व्हरवरचं जुनं नाव बदलायचं का?

प्रश्न : आमची सीए फर्म आहे. चौदा संगणक, एक विंडोज सर्व्हर. ज्येष्ठ भागीदार निवृत्त झाले, फर्मचं नाव बदललं, पण लॉगिन करताना अजून त्यांच्याच आडनावाचं डोमेन येतं. ते बदलण्यात धोका किती? (सांगली)

धोका बराच, आणि त्यातून मिळणार फारच थोडं. डोमेन म्हणजे ऑफिसातले सगळे संगणक आणि खाती ज्या एका नावाखाली सर्व्हरला बांधलेली असतात ते. हे नाव क्लायंटला दिसत नाही, बिलावर येत नाही, मेलच्या पत्त्याशीही त्याचा संबंध नाही. दिसतं ते फक्त तुमच्या माणसांना, सकाळी पासवर्ड टाकताना. तेवढंच खटकत असेल तर डोमेन आहे तसं राहू द्या आणि त्याला नवा 'यूपीएन सफिक्स' (लॉगिनच्या नावात @ नंतर येणारा भाग) जोडा. सर्व्हरवर 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स' उघडा, सगळ्यात वरच्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये नवं नाव घाला आणि मग प्रत्येक युजरच्या अकाउंट टॅबमध्ये ते निवडा. मंडळी नव्या नावाने लॉगिन करू लागतील, जुनी पद्धतही चालूच राहील. खाती मायक्रोसॉफ्ट ३६५ शी सिंक होत असतील तर मात्र तिकडचं लॉगिनही बदलू शकतं, म्हणून आधी एकाच युजरवर करून पाहा.

प्रश्न : अंबडला आमचं वर्कशॉप आहे. नेटवर्कवाले म्हणतात, डोमेनचं नाव बदलायला मायक्रोसॉफ्टचंच 'रेनडॉम' नावाचं साधन आहे, शनिवारी संध्याकाळी बसलो की सोमवारी सगळं नव्या नावाने. मेलचं एक्स्चेंज २०१० पण त्याच सर्व्हरवर आहे. होकार देऊ का? (नाशिक)

देऊ नका. एक्स्चेंज २००३ असतानाच डोमेनचं नाव बदलण्याची सोय होती. २००७ पासून पुढच्या कुठल्याही आवृत्तीत तिला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. तुमचा सर्व्हर 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' असेल तर तिथेही हीच गत.

एक्स्चेंज नसतं तरी मी घाई करू दिली नसती. रेनडॉम खरोखर चालतं, पण ते फक्त डिरेक्टरीतलं, म्हणजे सर्व्हरवरच्या खाती-संगणकांच्या नोंदवहीतलं, नाव बदलतं. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत, नव्या नावाचा झोन (विभाग) आधी तयार करावा लागतो. ग्रुप पॉलिसीतले (सर्व्हरवरून सगळ्या संगणकांना लागू होणाऱ्या सेटिंगमधले) जुने पत्ते 'जीपीफिक्सअप'ने वेगळे दुरुस्त करावे लागतात. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या, स्वतःच्या नावामागचं जुनं शेपूट आपोआप जात नाही. डोमेनमधला प्रत्येक संगणक दोनदा रीस्टार्ट करावा लागतो, आणि सगळे होईपर्यंत रेनडॉमची शेवटची 'क्लीन' पायरी घ्यायची नसते. साइटवर गेलेल्या इंजिनिअरचा लॅपटॉप तेवढा राहून गेला, तर तो डोमेनमधून काढून पुन्हा जोडावा लागतो. मागे फिरायचं तर सगळे डोमेन कंट्रोलर बॅकअपवरून परत उभे करायचे, म्हणून सिस्टिम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट सर्व्हरच्या सिस्टिमचा बॅकअप) हाताशी असल्याशिवाय सुरुवातच करू नये.

आणि ज्याची यादी कुणाकडेच नसते ते निराळंच. एका ऑफिसात मी स्वतः हे काम केलं होतं. संगणक सगळे ठीक होते. सोमवारी साडेदहाला मात्र कॉपियरपुढे रांग लागली. स्कॅन होत होतं, फोल्डरमध्ये काही येत नव्हतं. कॉपियरच्या ॲड्रेस बुकात बावीस नावं होती, प्रत्येकापुढे जुन्या डोमेनसकट युजरनेम आणि फोल्डरचा पत्ता. ती बावीस नावं त्या एवढ्याशा स्क्रीनवर बोटाने टाइप करताना दुपार झाली. तोवर कळलं की रात्रीचा नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवरचा) बॅकअपही झाला नव्हता, कारण नॅस जुन्याच डोमेनला जोडलेलं होतं. टॅलीच्या डेटाचा मॅप केलेला ड्राइव्ह, एक्सेलमधल्या एकमेकांत गुंतलेल्या लिंक, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, सर्व्हिसेस चालवणारी खाती, सगळीकडे ते नाव असतं. नाव बदलायचंच असेल तर आठवडाभर आधी ऑफिसात फिरून हे सगळं वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : आम्ही रेनडॉम वापरलं नाही. नवं डोमेन उभं केलं आणि संगणक एकेक करून त्यात घेतले. आता सगळ्यांचे डेस्कटॉप रिकामे! फाइली गेल्या का? (डोंबिवली)

गेल्या नाहीत, काळजी करू नका. फक्त काही डिलीट करू नका. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जुनं प्रोफाइल (त्या माणसाचा डेस्कटॉप, फाइली, सेटिंग) तसंच असणार. विंडोज माणसाला नावाने नाही, एसआयडी या अंतर्गत क्रमांकाने ओळखतं. नवं डोमेन म्हणजे नवा क्रमांक, म्हणून नवं कोरं प्रोफाइल. नाव तेच असलं तरी.

फाइली कॉपी करून आणता येतील, पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड येणार नाहीत, ते जुन्या खात्याच्या किल्लीने बंद असतात. जुना सर्व्हर अजून शाबूत असेल तर एक संगणक परत जुन्या डोमेनला जोडा आणि जुन्या खात्याने लॉगिन करा. जुना डेस्कटॉप जसाच्या तसा उघडायला हवा. पासवर्ड तिथून एक्स्पोर्ट करा, मग पुन्हा नव्यात या. उरलेल्यांचंही असंच करा. रिटर्न भरायची डीएससी (डिजिटल सही) टोकनमध्येच असते, तिला धक्का नाही.

प्रश्न : नवं ऑफिस, पहिलाच सर्व्हर. नाव काय ठेवू? (मडगाव)

वेबसाइटसाठी घेतलेलं तुमचं जे डोमेन आहे त्याच्या आधी 'एडी' लावा, म्हणजे एडी डॉट तुमचं-नाव डॉट इन. नुसतं वेबसाइटचंच नाव आत दिलंत, तर ऑफिसातून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लावता स्वतःचीच वेबसाइट उघडणार नाही. डॉट लोकल नको. ते नाव २०१३ साली नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधणाऱ्या, ॲपलच्या बॉन्जूरसारख्या यंत्रणांसाठी राखून ठेवलं गेलं, आणि नोव्हेंबर २०१५ पासून अशा अंतर्गत नावांना सार्वजनिक सर्टिफिकेटही मिळत नाही. आणि जे डोमेन तुमच्या मालकीचं नाही ते तर कधीच नको, कारण लॅपटॉप घरी गेला की तुमच्या सर्व्हरचा पत्ता तो त्या परक्या मालकाकडे विचारू लागतो.

डोमेन उभं करताना विझार्ड 'नेटबायॉस नाव', म्हणजे डोमेनचं आखूड नाव, वेगळं विचारतो. तिथे त्याने आपोआप नुसतं 'एडी' भरलेलं असेल. ते पुसून पंधरा अक्षरांच्या आत बसेल असं ऑफिसचं छोटं नाव तेव्हाच घाला, लॉगिनला मंडळींना रोज तेच दिसणार आहे.