जुन्या प्रीमियर पद्मिनीसाठी कोणते इंजिन ऑइल घ्यावे?

आपल्या १९८६च्या पद्मिनीसाठी मिस्त्री २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल सुचवतात आणि दुकानदार ५डब्ल्यू-३० या पातळ फुल सिंथेटिक (कृत्रिमरीत्या बनवलेल्या) ऑइलचा आग्रह धरतात. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मिस्त्रींचे ऐकावे. मीही पद्मिनी चालवतो आणि तिच्यात साधे मिनरल (खनिज तेलापासूनचे) २०डब्ल्यू-५० घालतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन मुळात फियाट ११००चे आहे. त्यात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावर थेट घासत चालतात, आणि तेवढ्या जागेवरचा दाब सोसण्यासाठी ऑइलमधील जस्त-फॉस्फरसयुक्त रसायन धातूवर संरक्षक थर धरते. फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून एपीआय या अमेरिकी संस्थेच्या २००४च्या एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ग्रेडमध्ये त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले गेले. २०डब्ल्यू-५०ला ही मर्यादा लागू नाही. तरीही डब्यावरील नवा दर्जा पाहून समाधान न मानता कंपनीच्या माहितीपत्रकात जस्त आणि फॉस्फरसचे आकडे दिले असल्यास ते अवश्य पाहावेत.

दुसरे कारण झिजेचे. बेअरिंगमधील फट वाढलेल्या इंजिनात पातळ ऑइलचा दाब टिकत नाही. गाडी तापल्यावर ती उभी असून इंजिन नुसते चालू असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो तो बहुधा यामुळेच. इंजिन नुकतेच बांधलेले आणि घट्ट असेल, तर २०डब्ल्यू-४०सुद्धा उत्तम. ‘डब्ल्यू’नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील जाडीचा, तर आधीचा थंडीतला असल्याने आपल्या हवामानात त्याची फारशी चिंता नको. सिंथेटिकला माझा तत्त्वतः विरोध नाही, मात्र जुन्या, गळक्या सीलच्या इंजिनात त्याचे पैसे वाया जातात.

ग्रेडइतकेच महत्त्व मी वेळेवर बदलण्याला देतो. गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच, कारण चोक ओढून केलेल्या लहान फेऱ्यांमध्ये न जळालेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत राहतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजिनावरील पेट्रोल पंपाचा रबरी पडदा फाटला आहे का, हे आधी तपासून घ्यावे; तशा स्थितीत कोणतेही ऑइल इंजिनाला वाचवू शकणार नाही.