दारुहळदीतला ऱ्हस्व रु

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'बर्बेरीनच्या गोळ्यांच्या डब्यावर दारूहळद असं छापलंय. वडील माळकरी आहेत. यात दारू आहे म्हणून घ्यायला तयार नाहीत. हळदीत दारू घालतात का?'

दारूचा थेंब नाही, आणि ती हळदही नाही. छापणाऱ्याने रु दीर्घ केला, तिथे घोळ झाला. नागपूरच्या इतवारी बाजारात बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांतही हेच वाचतो आणि दर वेळी चीड येते.

संस्कृत दारु म्हणजे लाकूड. देवदार हा मुळात देवदारु. लाकडाची हळद ती दारुहळद. हिमालयातलं हे काटेरी झुडूप. काडी बाहेरून मळकट, पण नखाने साल खरवडली की आत पिवळीजर्द, आणि जिभेला लावली की कडूजहर. हा रंग आणि ही चव बर्बेरीनची. संस्कृतात दारुहळदीला 'पीतद्रु' असंही म्हणतात. हा द्रु दारुचाच सख्खा भाऊ.

आता नियम. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द एकटा आला की शेवटचा उकार दीर्घ, समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व: गुरू पण गुरुवार, साधू पण साधुसंत. म्हणून दारुहळद. उलट दारूगोळा, दारूबंदी यांतली दारू फारसी, ती दीर्घच. शेजारच्या वर्ध्यात १९७४ पासून आहे ती ही दारूबंदी. 'उच्चार तर एकच' म्हणून हा फरक उडवून लावणाऱ्यांनी या माळकऱ्यांना उत्तर द्यावं.

आणि खरी गंमत पुढे आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. कोश 'फारसी' एवढं लिहून थांबतात, मला ते पटत नाही. पारशांच्या अवेस्ता या जुन्या इराणी ग्रंथातही लाकडाला दाउरु म्हणतात. औषध तरी जुन्या काळी कशाचं होतं? मुळ्या, साली, काड्या. आपला काष्ठौषधी हा शब्द तेच सांगतो. फारसी दारू लाकडातूनच आली असं माझं ठाम मत आहे. ग्रीक द्रूस आणि इंग्रजी ट्री याच कुळातले. दारु आणि दारू यांचा काडीचा संबंध नाही असं सांगणाऱ्या पंडितांनी ही काडीच नीट पाहिलेली नाही.

बर्बेरीन हे नाव झुडपाच्या बर्बेरिस या शास्त्रीय नावावरून. ते अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं नत्रयुक्त द्रव्य आहे, हळदीतलं कर्क्युमिन नाही. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी त्याने कोलेस्टेरॉल उतरतं असं दाखवलं, पुढे मधुमेहावरही अभ्यास झाले. पेशीतल्या एएमपीके या विकराला ते चालना देतं, मात्र आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. वडिलांना मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

इतवारीतून दारुहळदीची एक काडी आणा, वडिलांसमोर खरवडा, त्यांना हुंगू द्या. आणि डब्यावरचा रू पेनाने ऱ्हस्व करून ठेवा.