तेतेबातूतले सहा आर आणि दुसऱ्याचे नाव

नाशिकच्या एका वाचकांच्या लांब पत्राचा सारांश असा आहे. त्यांचे वय 51, पत्नी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका, मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. गेल्या फेब्रुवारीत ते इंडोनेशियातील लोंबोक बेटावर, रिंजानी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरील तेतेबातू या गावी पाच दिवस एका घरगुती निवासात राहिले. गाव दोघांनाही इतके आवडले की तिथली सहा आर जमीन आणि तीवर बांधायचे दोन खोल्यांचे घर, असा 90 कोटी इंडोनेशियन रुपियांचा, म्हणजे आपल्या सुमारे 48 लाख रुपयांचा व्यवहार त्यांनी ठरवला आणि 14 लाख देऊनही टाकले. घराच्या भाड्यातून वर्षाला वीस टक्के सुटतील, असे त्यांचे सल्लागार सांगतात. 55 व्या वर्षी निवृत्त होऊन निम्मे वर्ष तिथे राहायचे, असा बेत आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की, उरलेले 34 लाख गृहकर्जावर टॉप-अप काढून द्यावेत की म्युच्युअल फंड विकून? पत्राच्या शेवटी एक वाक्य सहज आले आहे: परदेशी माणसाच्या नावे जमीन होत नसल्याने ती यजमानांच्या मेहुण्याच्या नावे राहील, पण सल्लागारांनी चार करार करून आम्हाला पूर्ण सुरक्षित केले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत संपते. परदेशात मालमत्ता घेण्यासाठी उदारीकृत प्रेषण योजनेखाली पैसे पाठवायचे असतील तर बँकेने त्यासाठी कर्ज द्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम असल्यामुळे टॉप-अपचा पर्याय मुळात उपलब्धच नाही, आणि घरदुरुस्तीचे कारण सांगून तो काढणे म्हणजे एका चुकीवर दुसरी रचणे आहे. म्युच्युअल फंडातील 40 लाखांपैकी निम्मे तुम्ही स्वतःच मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवले आहेत, तेव्हा तेही विकू नयेत.

आता शेवटच्या वाक्याकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचे पत्र खरे म्हणजे त्या वाक्याविषयीचे आहे.

इंडोनेशियाचा जमीन कायदा 1960 सालचा आहे. त्यातील कलम 21 प्रमाणे ‘हाक मिलिक’, म्हणजे संपूर्ण मालकीहक्क, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. एवढे तुमच्या सल्लागारांनी तुम्हाला सांगितले, हे ठीकच आहे. परंतु कलम 26 मध्ये पुढे काय म्हटले आहे ते त्यांनी सांगितलेले दिसत नाही. परदेशी व्यक्तीकडे हा हक्क प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने जाईल असा कोणताही व्यवहार मुळातूनच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि मालकाने घेतलेले पैसे परत मागता येत नाहीत. शेवटचा भाग पुन्हा वाचा. तुमचे चार करार, म्हणजे मेहुण्यांना कर्ज दिल्याचा दस्त, त्यांनी दिलेले कुलमुखत्यारपत्र, ‘जमीन खरे तर यांची आहे’ असे त्यांचे निवेदन आणि तीस वर्षांचा भाडेकरार, हे एकत्र ठेवले की आडमार्ग सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही. ज्याला तुम्ही संरक्षण समजता ते न्यायालयात तुमच्याविरुद्धच वाचले जाईल. मेहुणे वारले, त्यांचे पत्नीशी बिनसले किंवा त्यांच्या मुलांना पुढे जमीन विकावीशी वाटली, तर नाशिकहून तुम्ही नेमके काय करणार आहात?

हा प्रकार आपल्याला नवा नाही. कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, म्हणून गावाकडच्या चुलतभावाच्या नावे ती घेऊन ठेवणारे आणि नंतर भावकीत तोंड न दाखवणारे लोक तुमच्याही ओळखीत असतील. तिथे निदान सातबारा मराठीत असतो आणि तलाठी आपल्या तालुक्यातला असतो. इथे कागद इंडोनेशियन भाषेत आहे, गावातले बोलणे सासाक भाषेत आहे, आणि तुम्हाला कळणारा एकच शब्द म्हणजे ‘आर’, जो सातबाऱ्यावरही असतो आणि तिकडेही शंभर चौरस मीटरचाच असतो.

कायदेशीर मार्ग नाहीत असे नाही. निवास परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला ‘हाक पाकाई’ हा वापरहक्क मिळू शकतो. 2021 च्या नियमांप्रमाणे तो आधी तीस, मग वाढीव वीस आणि पुन्हा नूतनीकरणाचे तीस अशा वर्षांचा असतो. पण निवास परवाना म्हणजे पर्यटक व्हिसा नव्हे. 2022 च्या अखेरीस आणलेल्या ‘सेकंड होम’ व्हिसासाठी दोन अब्ज रुपिया, म्हणजे आपले सुमारे एक कोटी सात लाख रुपये, सरकारी बँकेत दाखवावे लागत होते. दुसरा मार्ग साध्या भाडेपट्ट्याचा: जमीन ज्याची आहे त्याचीच राहते, तुम्ही ठरावीक वर्षांचे भाडे देता आणि मुदत संपली की चावी परत करता. यात लपवाछपवी नाही, मात्र यात मालमत्ताही नाही. पंचवीस वर्षांच्या पट्ट्याला 48 लाख दिले तर दरवर्षी 1 लाख 92 हजार रुपयांचे भाडे आगाऊ भरले आणि शेवटी शून्य उरले, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

तुमच्या जमिनीबाबत आणखी एक गोष्ट. पत्रासोबतच्या फोटोत ती चहूबाजूंनी भातखाचरांनी वेढलेली दिसते. इंडोनेशियात 2009 पासून अन्नपिकांच्या शेतजमिनीला संरक्षण देणारा कायदा आहे. हा तुकडा त्या संरक्षणात येत असेल तर तुम्हाला बांधकामाची मंजुरी मिळणार नाही. येत नसेल तर शेजारच्यालाही ती मिळेल आणि ज्या देखाव्यासाठी तुम्ही 48 लाख देत आहात तो त्याच्या भिंतीमागे जाईल. दोहोंपैकी काय खरे आहे, हे जिल्ह्याच्या नियोजन विभागात विचारल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. तुम्ही 14 लाख दिलेत.

वीस टक्के भाड्याचे गणित पाहू. सल्लागारांनी रात्रीला सात लाख रुपिया, म्हणजे 3,700 रुपये, आणि वर्षातल्या 255 रात्री भरलेल्या धरल्या आहेत. त्यातून साडेनऊ लाख येतात. तुम्ही स्वतः त्याच गावात न्याहारीसह तीन लाख रुपियांत, म्हणजे 1,600 रुपयांत राहिलात, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे. तुमचे घर त्याहून दुप्पट भाड्याने कोण घेणार आहे? रिंजानीवर चढणारे बहुतेक लोक सेनारू किंवा सेंबालून इथून निघतात, तेतेबातूहून नव्हे, आणि पावसाळ्यात, साधारणपणे जानेवारी ते मार्च, चढाईच्या वाटा बंदच असतात. 1,600 रुपयांनी वर्षाला 120 रात्री भरल्या असे धरू. हेही मी उदारपणे धरतो आहे. हाती 1 लाख 92 हजार येतात. आरक्षण संकेतस्थळाचे कमिशन, राखणदार, धुलाई, डागडुजी आणि तिथला कर गेल्यावर 80-90 हजार राहतील, म्हणजे 48 लाखांवर दोन टक्क्यांहूनही कमी. नाशिकच्या पोस्टात याहून दुप्पट व्याज बचत खात्यावर मिळते. आणि हे भाडे तरी तुमच्या हाती कसे येणार, हा प्रश्न उरतोच, कारण घरगुती निवासाचा ‘पोंडोक विसाता’ परवाना परदेशी माणसाला मिळत नाही. परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढायची तर किमान गुंतवणूक दहा अब्ज रुपियांहून अधिक, म्हणजे आपले सव्वापाच कोटी, आणि पर्यटक व्हिसावर व्यवसाय करणे हा तिथे सरळ हद्दपारीचा विषय आहे.

हे सल्लागार कोण, तर 2019 मध्ये तुम्हाला ‘पाच वर्षांत दुप्पट’ म्हणून युलिप, म्हणजे गुंतवणूक जोडलेला विमा, विकणारेच गृहस्थ, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. ते वाचून मला थोडा वेळ पत्र बाजूला ठेवावे लागले. त्यांच्या माहितीपत्रकात तेतेबातू हे ‘संयुक्त राष्ट्रांनी गौरवलेले गाव’ आहे. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या सर्वोत्तम पर्यटनग्राम स्पर्धेसाठी इंडोनेशियाने तेतेबातूचे नाव पाठवले होते, हे खरे आहे. निवड झाली ती योग्यकार्ताजवळच्या न्गलांगेरानची. लोंबोकवरच्याच मंडालिकाच्या मोटोजीपी मोटारसायकल शर्यतीमुळे भाव वाढतील, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो शर्यतीचा मार्ग दक्षिण किनाऱ्यावर आहे, तुमचे गाव डोंगरात आहे आणि शर्यत वर्षातून तीन दिवस असते. ‘परकीय चलनात कमाई’ हा तिसरा. 2011 मध्ये एका डॉलरला सुमारे साडेआठ हजार रुपिया पडत, आज सोळा हजारांहून अधिक पडतात; आपला रुपयाही त्याच काळात 45 वरून 85 च्या पुढे गेला. दोन्ही चलने जवळपास सारखीच घसरली आहेत, म्हणजे रुपयाच्या घसरणीपासून रुपिया तुम्हाला वाचवील, ही आशा मुळातच पोकळ आहे. 2018 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लोंबोकला एकामागून एक मोठे भूकंप झाले आणि पाचशेहून अधिक माणसे गेली, याचा त्या माहितीपत्रकात उल्लेख नाही. सर्वाधिक हानी बेटाच्या उत्तरेला झाली, पण डोंगर तोच आहे.

आता राहण्याविषयी. सहा महिने सलग राहायला तुमच्याकडे परवाना नाही. आगमनाच्या वेळी मिळणारा व्हिसा पाच लाख रुपियांचा, तीस दिवसांचा असतो आणि एकदाच आणखी तीस दिवसांनी वाढतो. अवघड दुखणे निघाले तर जिल्ह्याचे रुग्णालय सेलोंगला आणि मोठे रुग्णालय मातारामला आहे, तर तुमचा भारतातील आरोग्य विमा बहुधा भारतातच चालतो. तुम्ही पाहिलेला हिरवेपणा फेब्रुवारीतला, भर पावसातला होता. पूर्व लोंबोकमध्ये कोरड्या महिन्यांत कितीतरी शेतांत तंबाखू असतो. एकदा ऑगस्टमध्ये जाऊन या, मग ठरवा.

त्या गावी पुन्हा पुन्हा जाण्याला माझा मुळीच विरोध नाही. दर हिवाळ्यात साठ दिवस जायचे ठरवले तर निवासाचे 96 हजार, दोघांचे बाली किंवा क्वालालंपूरमार्गे विमानभाडे नव्वद हजार ते एक लाख, दोन मुदतींच्या व्हिसाचे 11 हजार, जेवण व दुचाकी मिळून लाखभर, अशी तीन लाखांच्या आसपास बेरीज होते. न दिलेले 34 लाख सात टक्क्यांनी ठेवले तर करापूर्वी 2 लाख 38 हजार येतात आणि मुद्दल तुमच्याच नावे राहते. अर्थात हे व्याज निवृत्तीपर्यंत खर्चायचे नाही, कारण 55 हे वय तुमच्या आकड्यांत बसत नाही. आजचा घरखर्च महिना 75 हजार म्हणजे वर्षाला नऊ लाख; चार वर्षांनी तो साडेअकरा होईल आणि त्याच्या तीसपट, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन कोटी, जवळ असायला हवेत. भविष्यनिर्वाह निधीचे 52 लाख आणि म्युच्युअल फंडाचे 40 लाख यांतून मुलीचे 20 वजा केले तर राहतात 72. ते चार वर्षांत वाढून, नव्या बचतीसह, सव्वा कोटीच्या आसपास जातील. उरलेली तूट वीस टक्के भाड्याने भरून निघेल, अशी तुमची मनातली मांडणी होती, हे मला समजते. निवृत्तीचे वय 60 धरा.

राहिले दिलेले 14 लाख. ते तुम्ही मार्चमध्ये सात आणि एप्रिलमध्ये सात असे पाठवलेत. दोन आर्थिक वर्षांत विभागल्याने त्यावर स्रोतावर करवसुली झाली नाही, यात गैर काही नाही. मात्र सल्लागारांच्या सांगण्यावरून बँकेच्या अर्जात ‘प्रवासखर्च’ असे कारण लिहिले, हे गैर आहे. बँकेला लेखी कळवून कारण दुरुस्त करून घ्या, आणि परकीय चलन कायद्याचे काम करणाऱ्या सनदी लेखापालांना दोन्ही पावत्या दाखवा. परदेशी मालमत्ता, मग ती लाभार्थी म्हणून का असेना, विवरणपत्रात न दाखवल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, त्यामुळे तुमच्या हाती नेमका कोणता हक्क आहे हे विवरणपत्र भरण्यापूर्वीच ठरले पाहिजे. उरलेले 34 लाख याच वर्षी पाठवले असते तर एप्रिलचे सात धरून 41 लाख झाले असते आणि दहा लाखांवरच्या 31 लाखांवर वीस टक्क्यांनी 6 लाख 20 हजार बँकेने आधीच कापून घेतले असते. ते पुढे करात वळते होतात, पण पैसे पाठवायच्या दिवशी खिशात असावे लागतात, आणि हेही तुम्हाला कोणी सांगितले नव्हते.

यजमानांना स्वतः फोन करा, सल्लागारांमार्फत नको. त्या 14 लाखांपैकी त्यांच्या कुटुंबाला प्रत्यक्ष किती पोहोचले ते विचारा. उत्तर तुम्हाला सुखावणारे नसेल, अशी मला शंका आहे. जेवढे पोहोचले असतील तेवढे पुढील मुक्कामांची आगाऊ रक्कम म्हणून धरायला ते तयार असतील तर लेखी करून घ्या आणि मेहुण्यांच्या नावाचे चारही करार तिथल्या स्वतंत्र नोटरीसमोर रद्द करा. पूर्ण 14 लाख पोहोचले असतील तर 1,600 रुपयांनी 875 रात्री होतात, म्हणजे वर्षाला साठ दिवस याप्रमाणे चौदा वर्षांहून अधिक. जेवढे सल्लागारांकडे अडकले असतील तेवढ्यांसाठी त्यांना वकिलामार्फत नोटीस द्या. उरलेल्या रकमेच्या हप्त्याची तारीख पुढच्या महिन्याची 15 आहे असे तुम्ही लिहिता. तो हप्ता देऊ नका.