आयबीडेटा१ उडवण्याआधी लॉग वाचा

प्रश्न : दुकानाचं बिलिंग उबुंटूवरच्या मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर चालतं. परवा लाइट गेली, तेव्हापासून सर्व्हिस सुरूच होत नाही. स्टेटसमध्ये नुसतं ‘फेल्ड’. एकाने सांगितलं, ‘आयबीडेटा१ फाइल उडवा, नवी तयार होते.’ उडवू का?

उत्तर : अजिबात नको. ती इनोडीबीची, म्हणजे मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणाऱ्या भागाची, सामाईक फाइल आहे. ती गेली की टेबलांच्या फाइली जागेवर असूनही सर्व्हर त्या धड उघडू शकत नाही. आधी सर्व्हिस थांबवा आणि ‘/वार/लिब/मायएसक्यूएल’ हे अख्खं फोल्डर ‘सीपी -ए’ या कॉपीच्या कमांडने दुसऱ्या डिस्कवर घ्या, मालकी आणि परवानग्या तशाच राहतात.

मग ‘/वार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग’ ही सर्व्हरच्या नोंदींची फाइल उघडा. शेवटची ओळ बहुधा ‘अबॉर्टिंग’ असते, पण तो परिणाम. शेवटच्या प्रयत्नाची सुरुवात शोधा आणि तिथून खाली येताना ‘एरर’ लिहिलेली पहिली ओळ पाहा. तीत बऱ्याचदा एक आकडा असतो.

२८ म्हणजे डिस्क भरली. ‘डीएफ -एच’ने खात्री करा, जागा दिसत असेल तर ‘डीएफ -आय’, कारण आयनोडही (प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी) संपतात. जुने सिस्टिम लॉग, एपीटीची (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाची) कॅश साफ करून थोडी जागा काढा. बिनलॉगच्या, म्हणजे डेटातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या बायनरी लॉगच्या, फाइली हाताने काढू नका, त्यांची यादी इंडेक्स फाइलमध्ये असते. सर्व्हर उठल्यावर ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ वापरा.

१३ म्हणजे परवानगी. रूटने (मुख्य अॅडमिन खात्याने) फाइली हलवल्या असतील तर मालकी पुन्हा मायएसक्यूएल युजरला द्या. फोल्डरच दुसरीकडे नेलं असेल तर अ‍ॅपआर्मर ही उबुंटूची सुरक्षा यंत्रणा अडवते. ११, सोबत ‘अनेबल टू लॉक’ : सर्व्हरची जुनी मायएसक्यूएलडी प्रोसेस अजून जिवंत आहे. ती नीट बंद होऊ द्या.

आकडाच नसेल आणि लॉगमध्ये रिकव्हरी चालू दिसत असेल, तर थांबा. लाइट गेल्यावर इनोडीबी रीडू लॉग या बदलांच्या नोंदीवरून अर्धवट कामं जुळवतं. मोठ्या डेटाला वेळ लागतो, आणि घाईने ‘किल -९’ मारून प्रोसेस जबरदस्तीने बंद केली की तेच पुन्हा पहिल्यापासून.

डेटाची पानं (फाइलीतले तुकडे) खरोखर खराब झाल्याचं लॉग म्हणत असेल तरच कॉन्फिगमध्ये ‘मायएसक्यूएलडी’ विभागात ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी = १’ लिहा. नाही उठला तर २, मग ३. चारपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तिथे फक्त कॉपीवर प्रयोग करा. सर्व्हर उठला की लगेच मायएसक्यूएलडंपने सगळा डेटा बाहेर काढून घ्या, ती ‘फोर्स_रिकव्हरी’ची ओळ काढा आणि डंप नव्या डेटा फोल्डरमध्ये भरा. ओळ राहिली तर एकही नवं बिल सेव्ह होणार नाही.