दशांशानंतरचे नऊ वाटे

प्रिय बाळा,
सलाम.

पगाराच्या स्लिपवर ३०,००० दिसतात, खात्यात २८,००० येतात, मग दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा वाटा, कशावर काढायचा, असं तू विचारलंस. मधले दोन हजार कुठे गेले ते आधी बघ. १,८०० पीएफ आणि २०० व्यवसाय कर. पीएफ ही तुझीच बचत, म्हणून ती धरून २९,८०० वर दशांश निघतो. सरळ ३,००० धर आणि तो विषय मिटव. बायबलच्या नव्या करारात टक्का नेमून दिलेला नाही. २ करिंथ ९:७ प्रमाणे मनात ठरवावं आणि खुशीने द्यावं. मात्र पगार जमा होईल त्याच दिवशी ही रक्कम बाजूला काढ. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हटलं की काहीच उरत नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दशांशावर पुष्कळ बोललं जातं, उरलेल्या नऊ वाट्यांवर फार कमी. एक वाटा देवाचा, बाकीचे माझे, असा समज त्यातून घट्ट होतो. मग दर महिन्याला न चुकता दशांश देणारी माणसंही कर्जात अडकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हिशेब दहाही वाट्यांचा द्यायचा आहे.

‘विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल’ असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. मार्क ४ मधल्या दाखल्यात बी म्हणजे वचन आहे, येशूने स्वतः तसा अर्थ सांगितला आहे. कर्ज काढून तर कधीच दान देऊ नकोस.

लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तसा तुझा अंदाज मी असा करीन: दान ३,०००, घरी आईवडिलांना ५,०००, खोली आणि मेस १०,०००, प्रवास आणि फोन २,५००, बचत ४,०००, नाताळ आणि लग्नकार्यांसाठी १,०००, हातखर्च २,५००. घरच्या पैशांना कात्री लावून दान वाढवू नकोस. देवाला वाहिलं म्हणून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना, मार्क ७ मधल्या त्या ‘कुर्बान’वाल्यांना, येशूने कडक शब्दांत फटकारलंय. नाताळचे हजार जानेवारीपासूनच वेगळे ठेव. कपडे, फराळ, गावी जाणं हे सगळं डिसेंबरात एकदम अंगावर येतं आणि तिथेच क्रेडिट कार्ड घासलं जातं.

कार्डाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघ. समज ४०,००० थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, मिळून १,६५२. ‘किमान देय’ पाच टक्के म्हणजे २,००० भरलेस, तर मूळ रकमेतून फक्त ३४८ रुपये कमी होतात. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. म्हणून पूर्ण बिल भरता येत नसेल तर कार्ड वापरायचंच नाही. गाडीच्या कर्जातही दुकानदार ‘फक्त दहा टक्के’ म्हणतो, तेव्हा फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर, हे विचार. तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दहा टक्के म्हणजे प्रत्यक्षात अठराच्या आसपास पडतात.

आता मावसभावाच्या कर्जाला जामीन राहण्याचं. पतसंस्थेच्या कागदावर तुझी सही हवी आहे आणि ‘नुसती सही तर करायची आहे, पैसे कोण मागतंय’ असं सगळे म्हणताहेत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले तर संस्था आधी त्याच्याच मागे लागेल असं नाही, ती थेट तुझ्याकडे येऊ शकते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की त्यात जामीनदाराचंही नाव असतं आणि मग पगारावर जप्ती येते. उद्या तुला घरासाठी कर्ज हवं असेल तेव्हा हा जामीन तुझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदीत, दिसू शकतो. जामिनाबद्दल नीतिसूत्रे ६:१-५ इतकं स्पष्ट बोलतं की तिथे वेगळा अर्थ काढायला जागाच नाही: अडकला असशील तर झोपही घेऊ नकोस, जाऊन स्वतःला सोडव.

पण नाही म्हणून गप्प बसणं हेही ख्रिस्ती वागणं नव्हे. भावाला किती लागतात, कशासाठी लागतात, हप्ता किती बसेल, हे त्याच्यासोबत बसून लिहून काढ. तुझ्याकडे असतील तर पाच-दहा हजार दे, आणि लूक ६:३५ प्रमाणे परतीची आशा न धरता दे. ही रक्कम बुडाली तरी तुझं घर चालू राहतं आणि नातंही टिकतं. जामिनात दोन्ही जातात. मावशी रागावेल. महिनाभर रागावू दे, तरी तिला स्वतः फोन करत राहा.

बचतीचे ४,००० आधी तीन महिन्यांच्या खर्चासाठी साठव. खोली, मेस, प्रवास आणि घरचे धरून महिन्याला १७,५०० लागतात, म्हणजे ५२,५०० व्हायला साधारण तेरा महिने जातील. तोवर शेअर, भिशी, सोनं काही नको. पैसे बँकेत आवर्ती ठेवीत ठेव. पतसंस्था व्याज जास्त देते, संचालक आपल्याच मंडळीतले असतात, म्हणून विश्वास बसतो. पण ५ लाखांपर्यंतचं ठेव-विम्याचं संरक्षण सहकारी बँकांसह बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

वारसाचंही आत्ताच करून टाक. बँक खात्याला आणि पीएफला नामनिर्देशन भर. मृत्युपत्र पुढे कधी केलंस तर ध्यानात ठेव: आपल्याला ख्रिस्ती म्हणून १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि लग्न झालं की त्याआधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही ठेवलंस त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची साक्ष घेऊ नकोस, नाहीतर त्याला ठेवलेलं त्याला मिळत नाही. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशनही नव्याने भरावं लागेल.

पतसंस्थेचा कागद अजून तुझ्याकडेच असेल तर त्याचा फोटो आजच पाठव. मी वाचून कळवेपर्यंत सही करू नकोस.

तुझ्यासाठी प्रार्थनेत,
काका