पाईप जाड घ्यायचा की हवा काढायची?

प्रश्न : विहीर वहाळाकाठी, टाकी कलमांच्या बागेत 45 मीटर वर. मध्ये सड्याचा (कातळपठाराचा) उंचवटा, त्यापुढे घळ. घळ टाकीपेक्षा 25 मीटर खाली. पाईप 63 मिमी, 6 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला 6 किलो दाब सोसणारा) पीव्हीसी. लाईट येऊन पंप सुरू झाला की घळीतच पाईप फुटतो. 10 किलोचा टाकू का?
– एक बागायतदार, राजापूर तालुका

उत्तर : एवढ्यात नको. घळीत उभ्या पाण्याचा दाब जेमतेम अडीच किलो. पाईप फोडते ती उंचवट्यावर अडकलेली हवा.

लाईट गेली की गळक्या फूटव्हॉल्व्हमधून (विहिरीतल्या पाईपच्या तळाची, पाणी मागे न सोडणारी झडप) पाणी मागे उतरतं आणि टाकीच्या तोंडातून, ढिल्या सांध्यांतून हवा आत ओढली जाते. पंप पुन्हा सुरू झाला की पुढे हवाच असल्याने पाण्याला अडवायला काही नसतं. ते नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावतं आणि घळीत साचलेल्या पाण्यावर आदळतं. पीव्हीसीत अचानक थांबलेल्या दर सेकंदाला 1 मीटर वेगामागे दाब सुमारे 4 किलोने चढतो. अडीच आणि चार, म्हणजे झाले साडेसहा. शिवाय 6 किलो ही क्षमता 27 अंश तापमानाची; कातळावर उघड्या तापलेल्या पाईपात ती कमी होते.

आधी फूटव्हॉल्व्ह बदला आणि पंपाजवळ स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा. उंचवट्याच्या माथ्यावर, किंचित टाकीच्या बाजूला, सॅडल (पाईपला आवळायचा जोड) लावून एअर व्हॉल्व्ह (हवा आपोआप सोडणारी झडप) घाला. परवडत नसेल तर अर्ध्या इंची कॉक चालेल, पण तो दरवेळी हाताने उघडावा लागेल. मोठं भोक पाडण्याचा मोह टाळा : हवा झटकन निसटते, मागून आलेलं पाणी त्याच भोकाशी अडतं आणि तिथेच दणका बसतो. कॉकमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो सावकाश बंद करा.

रिकामी लाईन भरताना पंपाजवळचा गेट व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवा. किती, ते लाईन भरलेली असताना ठरवा : टाकीपाशी 15 लिटरची बादली 20 सेकंदांत भरेल इतका, आणि चाकाचे फेरे मोजून ठेवा. रिकाम्या लायनीत पंपाला विरोध कमी, म्हणून तेव्हा त्याहूनही थोडा आवळा. टाकीत सलग धार सुरू झाल्यावर हळूहळू पूर्ण उघडा.

ऑटो स्टार्टर असेल तर तो मात्र बंदच ठेवा. लाईट येताच तो पंप चालू करतो आणि तेव्हा गेट आवळायला तिथे कोणी नसतं.

एअर व्हॉल्व्ह चिऱ्याच्या छोट्या चेंबरमध्ये झाका आणि पावसाळा संपला की उघडून धुवा. लाल गाळाने आतला गोळा चिकटला, तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.