घोडे सांभाळायचेत, पण दहावीचं काय?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही नेरळचे. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत दोन विषय राहिले आणि आता शाळेचं नाव काढलं की जेवण सोडतो. माझ्या भावाचे माथेरानला घोडे आहेत, तिकडे गेला की पहाटे स्वतःहून उठून खरारा करतो, लीद काढतो, कुरकुर नाही. भाऊ म्हणतो राहूदे माझ्याकडे, दोन पैसे कमवेल. ह्यांचं म्हणणं, दहावी झालीच पाहिजे. दोन्ही जमेल का? – एक आई

उत्तर : ताई, जमेल, पण भावाने आणि मिस्टरांनी दोघांनीही थोडं थोडं सोडलं तर.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारचं बोर्ड. १४ पूर्ण असले की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यम आहे, रोज वर्गात बसायचं नाही. विषय पाच, त्यात एक तरी भाषा, आणि पाच वर्षांत ९ संधी, त्यामुळे एका वेळी एक-दोनच पेपर दिले तरी चालतं. गोची एकच, मुख्य परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या उन्हाळी सुट्टीत आणि दिवाळीच्या आसपास, जेव्हा माथेरानला घोडेवाल्यांना पाणी प्यायला फुरसत नसते. म्हणून भावाशी आत्ताच बोलून घ्या की पेपरआधीचे पंधरा दिवस पोरगा घोड्यामागे दिसणार नाही, आणि खरा अभ्यास पावसाळ्यात, धंदा बसलेला असतो तेव्हा. ऑन-डिमांड परीक्षाही असते, म्हणजे तयारी झाली की आपण मागून द्यायची, पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात विचारून घ्या.

गणित तिथे कंपल्सरी नाही, पण मी तरी सोडू देणार नाही. जंताचं औषध घोड्याच्या वजनावर द्यायचं असतं आणि माथेरानला वजनकाटा कुठून आणणार? टेप घ्यायचा, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणापर्यंत लांबी, सगळं सेंटीमीटरमध्ये, मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,९००. घेर १६० आणि लांबी १३५ असेल तर साधारण २९० किलो. हे मुलाला करून बघू दे, गणिताशी दुश्मनी आहे का नुसती वर्गाशी ते कळेल.

आता मामाकडचं. गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत लगाम धरून फेऱ्या मारणं ही मजुरी झाली ताई, ट्रेनिंग नव्हे, आणि भाचा आहे म्हणून फुकट राबवून घेतलं जातं हे मी बऱ्याच घरांत बघितलंय (मामा वाईट असतो असं नाही, सीझनमध्ये माणूस कमी पडतो). शिकायचं ते वेगळंच. रोज चारही खुरं उचलून साफ करणं, खूर गरम लागतोय का बघणं. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बदलतात, तेव्हा नालबंदाजवळ बसून प्रत्येक खिळा बघणं. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, एकदम न वाढवणं, कारण घोड्याला उलटी होत नाही, पोट बिघडलं की थेट जिवावर येतं. वळून पोटाकडे बघतोय, पाय आपटतोय, सारखा लोळतोय, लीद टाकत नाही, असं दिसलं की डॉक्टरला फोन, घरगुती काढे नंतर. हे सगळं त्याने तारीख टाकून वहीत लिहावं, उद्या रायडिंग क्लबात किंवा रेसच्या तबेल्यात काम मागायला गेला तर दाखवायला काहीतरी हातात असेल. माथेरानला ई-रिक्षा आल्यात, तेव्हा नुसत्या टुरिस्टच्या भरवशावर राहू नका.

जनावरांचा डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर मात्र रस्ता लांब आहे, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि पुढे साडेपाच वर्षं. मग दहावीला सायन्स घ्यायलाच लावा.

आणि तबेल्यात पाठवायच्या आधी त्याचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा, लिदीत ते जंतू असतात. पाठीवर बसणार असेल तर हेल्मेट, मामा हसला तरी.